ढगांचा पक्षप्रवेश

पाऊस कधी येणार हे तुम्हाला कोण सांगतं, आणि त्या सांगणाऱ्याचा पगार कोण देतं?

मी हा प्रश्न सभेत विचारते तेव्हा लोक हसतात. पावसाचा आणि पगाराचा काय संबंध, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. आमच्या घरात तो संबंध एका जूनमध्ये उघडा पडला. तेव्हापासून माझी आई पावसाबद्दल कुणाशी बोलत नाही. शेजारीण अंगणातून सहज म्हणते, "आभाळ भरून आलं बाई," आणि आई आत निघून जाते.

आम्ही अकोल्याचे. बाबांचा छोटा छापखाना होता. पोटासाठी लग्नपत्रिका छापायच्या आणि मन मानत नाही म्हणून पत्रकं. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवर. शाळेत बाई फळ्यावर 'बदक' लिहायच्या त्याच्या आधीच मला 'धिक्कार' वाचता येत होतं. वाया गेलेल्या पत्रकांच्या पाठीवर मी गणितं सोडवली, पाटावर पत्रकं अंथरून जेवले. ती वर्षंही अशी होती की पत्रकांना खंड नव्हता. कापूस पडेल त्या भावात जात होता. आठवड्याच्या बाजाराला जावं तसे लोक तेराव्याला जात होते. मोठे लोक येत, खाटेवर बसून फोटो काढत, मदत जाहीर करून जात, आणि ती मदत कुठे पोचली हे विचारणारं पत्रक बाबा छापत.

आई रेडिओवर होती. आमच्या भागातल्या सरकारी रेडिओ केंद्रावरून रोज संध्याकाळी शेतकऱ्यांसाठी अर्धा तास कार्यक्रम लागायचा. त्यात एक काकाजी आणि एक वहिनी अशी जोडी वऱ्हाडीत गप्पा मारायची. ती वहिनी म्हणजे माझी आई. तिला नोकरी नव्हती. केंद्राच्या भाषेत ती 'कॅज्युअल': बोलावलं की जायचं, नाही बोलावलं की घरी. कार्यक्रमात तिचं नाव कधी सांगितलं गेलं नाही. बाजारात भाजी घेताना ती तोंड उघडायची आणि भाजीवाला मान वर करून विचारायचा, "वहिनी का?"

त्या कार्यक्रमाची एक पद्धत होती आणि सगळा वऱ्हाड ती पाळायचा. सुरुवातीला नुसती थट्टा. काकाजी सासुरवाडीची तक्रार करायचे, वहिनी त्यांच्या धोतराची, म्हशीची, विडीची टर उडवायची. मग आई एकदम थांबायची आणि म्हणायची, "बरं, आता हसू नोका, आयका." ह्या वाक्यानंतर एकही शब्द थट्टेचा नसे. पाऊस, कीड, फवारणी, पेरणी, जे काही यायचं ते शास्त्रज्ञांनी लिहून दिलेलं आणि केंद्रावरच्या अधिकाऱ्याने फोन करून पुन्हा तपासलेलं. एकदा शास्त्रज्ञांचा निरोप वेळेत आला नाही. निर्मात्याने सांगितलं, कालचंच वाच. आईने ते वाक्य म्हणायला नकार दिला आणि अर्धा तास नुसती थट्टाच चालवली. त्या दिवशी कितीतरी घरांत लोक रेडिओजवळ थांबून राहिले होते, असं पुढे पत्रांतून कळलं. वाक्य आलं नाही म्हणून कोणी फवारलं नाही.

मी लहान असताना गावाकडे पाहिलंय. वहिनी हसू नोका म्हणाली की चुलीपुढची बाई हातातलं लाटणं खाली ठेवायची.

बाबांचं आणि आईचं ह्यावरून रोज चालायचं. बाबा म्हणायचे, "सरकारी रेडिओ म्हणजे सरकारचा भोंगा. पोटात इख घेऊन लोक मरून राहिले, अन् तू म्हशीच्या गोष्टी सांगून राहिली."

आई म्हणायची, "माया भोंगा लोक आयकतात तरी. तुमच्या पत्रकात भजे बांधून नेतात."

दोघांचंही खरं होतं. म्हणूनच ते भांडण कधी मिटलं नाही.

मग एका हिवाळ्यात वरून कागद आला. स्थानिक कार्यक्रमांसाठी तरतूद नाही. कॅज्युअल कलाकारांना बोलावणं थांबवा. जुन्या फिती लावा. केंद्राने वहिनी-काकाजींच्या जुन्या गप्पा लावल्या, सल्ल्याचा भाग कापून, कारण जुना सल्ला लावणं धोक्याचं. म्हणजे थट्टा सुरू व्हायची, रंगात यायची आणि गाणं लागायचं. लोक त्या वाक्याची वाट बघत बसायचे. पत्रांचा इतका मारा झाला की शेवटी केंद्राने कळवलं: अकोल्यात श्रोत्यांचा मेळावा घेऊ, वरून एक अधिकारी येतील, लोकांचं ऐकून अहवाल देतील, आणि हा अर्धा तास ठेवायचा की कायमचा बंद करायचा ते त्यावर ठरेल. तारीख ठरणार तेवढ्यात आमच्याकडे पोटनिवडणूक लागली. आचारसंहिता आली. मेळावा निकालानंतर.

तोवर गावात वाद पेटला होता. आमच्या शेजारी एक प्राध्यापक राहत. चांगला माणूस, माझ्याकडून एक पैसा न घेता त्यांनी मला इंग्रजी शिकवलं. ते ओट्यावर बसून म्हणाले, "वहिनी, राग मानू नका. लोकांच्या कराच्या पैशातून कोणाला तरी हसवत बसणं हे सरकारचं काम नाही. जाहिराती घ्या. लोकांना हवं असेल तर कार्यक्रम टिकेल."

आई तांदूळ निवडत होती. म्हणाली, "जाहिरात कोन देईन जी? बियान्याची कंपनी देईन. मंग त्याच बियान्यावर अळी पडली तं मी सांगू कशी?"

"आणि आता सरकार पैसे देतं. सरकारचं चुकलं तर सांगता का तुम्ही?"

आईचे हात थांबले. "नाई," ती म्हणाली. "नाई सांगता येत."

त्या ओट्यावर झालेला तो वाद मला पुढे ऐकलेल्या सगळ्या भाषणांपेक्षा मोठा वाटतो. त्यात निदान दोन माणसं खरं बोलत होती. मी तेव्हा कॉलेजात होते. त्याच आठवड्यात मी माझं पहिलं पत्रक लिहिलं: रेडिओचा खर्च सरकारी तिजोरीतून व्हावा, पण त्याच्यावर हात कोणा मंत्र्याचा नसावा. बाबांनी ते वाचून एकही शब्द न बदलता छापलं. आमच्या घरात ह्याहून मोठी शाबासकी नव्हती.

पोटनिवडणुकीत उभ्या असलेल्या एका उमेदवाराला सगळे भाऊ म्हणत. भाऊंनी एका सभेत हा विषय घेतला. "मोबाइलचा जमाना आला. सरकारी रेडिओ आता कोन आयकते? हा पांढरा हत्ती बंद करा अन् त्याचा पैसा शेतकऱ्याले द्या." टाळ्या पडल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांनी भाऊंचा प्रचारप्रमुख आंब्याची पेटी घेऊन आमच्या दारात उभा राहिला.

"वहिनी, तुमचा आवाज आयकल्याबिगर आमच्या घरी चूल पेटत नोती," तो म्हणाला.

"मंग हिवाळ्यापासून उपाशी हाय काय जी तुमी?" आईने विचारलं.

तो मोकळेपणाने हसला. मग कामाचं बोलला. भाऊंच्या प्रचाराची सीडी काढायची. हसवणारी. काकाजी आणि वहिनी, अगदी रेडिओसारखी. अमरावतीचा एक नाटकवाला काकाजींचा आवाज हुबेहूब काढतो, पण वहिनी कोणाला जमत नाही.

बाबा छापखान्यातून हात पुसत आले. "तुमच्या भाऊनं सांगतलं, रेडिओ कोनी आयकत नाई. मंग हिचा आवाज कायले पायजे?"

"साहेब, थे भाषन होतं," प्रचारप्रमुख शांतपणे म्हणाला. "हे प्रचार हाय."

तो गेल्यावर आई म्हणाली, "मी जातो."

"कोनाचा प्रचार करून राहिली तू, समजते काय तुले?"

"कोनाचाई असो. दिवाळीपासून मायासमोर माईक नाई." मग ती जे बोलली ते मी विसरू शकत नाही. "तुमाले वाटलं की तुमी पत्रक छापता. मशीन तुमची, कागद तुमचा. मले बोलाचं असन तं कोनी तरी बोलावलं पायजे. कोनीच बोलावलं नाई तं मी काय भितीसंग बोलू?"

बाबा छापखान्यात परत गेले. त्यांनी छपाईच्या ट्रेडल मशीनचं चाक फिरवलं आणि आवाज सुरू केला.

आईने अटी घातल्या. विरोधकाचं नाव घेणार नाही. कोणाची जात, कोणाची बायको काढणार नाही. प्रचारप्रमुखाने सगळं मान्य केलं, आणि खरं सांगायचं तर पाळलंही. त्या सीडीत एकही घाण शब्द नव्हता. पुढचं सगळं होऊ शकलं ते म्हणूनच, असं मला वाटतं. घाणेरडं असतं तर कोणी विश्वास ठेवला नसता.

रेकॉर्डिंग अमरावतीला, राजापेठेत. खाली टू-व्हीलरची रांग, मधल्या मजल्यावर शिकवणीचे वर्ग, त्याच्यावर एक खोली, भिंतींना गाद्या ठोकलेल्या. खोलीचे मालक एक चाचा होते. पूर्वी कॅसेट विकायचे, कव्वालीची आणि कीर्तनाची. आता निवडणुकीत सगळ्या पक्षांचा माल तिथूनच जायचा. "मैं सबका हूँ वहिनी," ते आईला म्हणाले. "सुबह पंजाब का ढोल, दोपहर को कोकण की नाव, शाम को आपली म्हैस. आवाज अच्छा निकलना चाहिए, बस." त्यांनी आईसाठी स्वतः चहा केला. त्यांची अम्मी परतवाड्याला रोज तिचा कार्यक्रम ऐकायची, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

मी काचेच्या अलीकडे बसले होते. आईने कानांवर हेडफोन चढवले आणि माइकसमोर तोंड नेलं, तसे तिचे खांदे खाली आले. कितीतरी महिन्यांनी मी तिला सैल झालेलं पाहिलं. थट्टा सुरू झाली. काकाजी म्हणाला, नेत्याच्या गाडीमागं इतकी धूळ उडते की आमच्या कपाशीच्या पऱ्हाटीले सावली भेटते. वहिनी म्हणाली, मंग भाऊले सांगा, रोज येत जा, मंडप टाकाचा खर्च वाचते. चाचा आवाज न करता हसत होते, पोट हलत होतं.

पुढे कागदावर लिहिलं होतं, 'आता ऐका'. आई तिथे पोचली, क्षणभर थांबली, आणि तिच्या तोंडून निघालं, "बरं, आता हसू नोका, आयका. मंगळवारी पानी येते. त्याच्या आगुदर पेरून घ्या."

"काहून वहिनी, वेधशाळेनं सांगतलं काय?" काकाजी.

"नाई जी. आपल्या भाऊनं ढगायले पक्षात घेतलं. मंगळवारी जाहीर प्रवेश हाय."

मग ढोल, भाऊंचं नाव, निशाणी, मंगळवारच्या सांगता सभेचं निमंत्रण.

प्रचारप्रमुख उठून उभा राहिला. "हेच. हेच पायजे होतं. हे कागदात नोतं, वहिनी."

आईने हेडफोन काढले. "थे वाक्य काढा. सवयीनं निघालं. थे रेडिओचं हाय."

"रेडिओनं तुमाले काढलं," तो म्हणाला. "तुमी त्याईचं वाक्य कायले जपून ठेवता?"

चाचांचं बोट बटणावर होतं. "निकालू क्या, वहिनी?"

आई माइककडे बघत होती. चाचांनी पुन्हा विचारलं. "राहू द्या," ती म्हणाली. "ढग कुठी पक्षात जातात काय. मजाक हाय, लेकराले बी समजते."

सीडी धावली. आमच्या गल्लीतून प्रचाराची ऑटो गेली की पोरं मागे पळायची आणि ढगांच्या पक्षप्रवेशाचं सगळं संभाषण पाठ म्हणायची. विरोधी पक्षाचे लोकही हसले. पेपरवाल्यांनी लिहिलं, प्रचारात विनोद परतला. अकोल्यात, अमरावतीत ती सीडी लोकांनी चौकात, पानठेल्यावर उभं राहून पूर्ण ऐकली, आणि ज्याने पूर्ण ऐकली तो हसला.

शेतात ती कोणी पूर्ण ऐकली नाही. ऑटो थांबत नाही. पुढे मी मुद्दाम अंजनगाव सुर्जीच्या बाजूला एका रस्त्याकडेच्या शेतात उभी राहिले होते. कुठल्याशा दुकानाची जाहिरात करत एक ऑटो आली. वारा असेल तसा आवाज येतो. लांबून नुसती गुणगुण, जवळ आल्यावर दोन-तीन वाक्यं स्वच्छ, आणि ऑटो पुढे गेली की पुन्हा गुणगुण. बांधावर काम करणाऱ्या माणसाच्या कानावर जे आलं असेल ते असं: बरं, आता हसू नोका, आयका. मंगळवारी पानी येते. त्याच्या आगुदर पेरून घ्या. नंतरचे ढग, पक्ष आणि ढोल वाऱ्याने नेले. आणि ऐकलं असतं तरी काय? त्या वाक्यानंतर थट्टा नसते, हे त्यांना माझ्या आईनेच इतकी वर्षं शिकवलं होतं. लाटणं खाली ठेवून ऐकायला शिकवलं होतं.

काही गावांनी पेरलं. सगळ्यांनी नाही. ज्यांच्याकडे दुसरं कोणी सांगणारं नव्हतं, त्यांनी. शनिवारी एक हलकी सर आली. तेवढ्या ओलीवर बी फुगलं, कोंब आला. वहिनीचं खरं होतंय असं लोकांना वाटलं. मंगळवारी सांगता सभा झाली. आभाळ कोरडं ठण्ण. भाऊ हेलिकॉप्टरने उतरले, धूळ उडाली, पोरांनी 'ढग आले' म्हणून आरोळ्या ठोकल्या आणि मंडप हसला. त्याच उन्हात कोंब करपले. पाऊस त्यानंतर कितीतरी दिवस आला नाही. भाऊ निवडून आले.

आम्हाला ह्यातलं काही माहीत नव्हतं. निकालानंतरच्या आठवड्यात एक म्हातारी तिच्या सुनेला घेऊन आमच्या दारात आली. अंजनगाव सुर्जीकडची. केंद्राच्या फाटकावर विचारत विचारत पत्ता काढला होता. आईने पाणी दिलं. म्हातारीने तिला नीट न्याहाळलं.

"तुमीच काय वहिनी? मले वाटलं, वयानं मोठ्या असान."

आई हसली. तिला वाटलं, कोणी चाहती आली.

"एक इचाराले आली होती माय," म्हातारी म्हणाली. "मंगळवारचं पानी काहून नाई आलं?"

आईला कळलं नाही. मला कळलं नाही. बाबा मात्र छापखान्याच्या दारात येऊन उभे राहिले, त्यांना आधी कळलं.

"तुमी हसू नोका म्हणून सांगतलं अन् झालं नाई, असं कधी झालं नाई आजवर," म्हातारी सांगत होती. रागाने नाही, एखाद्या डॉक्टरला विचारावं तसं. "मंग मी सुनेले म्हनलं, काही तरी कारन असन. कुठी अडलं असन पानी. वहिनीले मालूम असन. आमच्या पांदन रस्त्याच्या दोन्ही आंगच्यायनं पेरलं न. आता पुन्हा पेरावं की थांबावं, थे सांगा."

"मावशी," आई म्हणाली, "थे... मजाक होता. भाऊच्या प्रचाराचा."

म्हातारी म्हणाली, "पन हसू नोका म्हनलं न तुमी."

आईने पाण्याचा रिकामा तांब्या उचलला.

"हसू नोका म्हनलं," म्हातारी पुन्हा म्हणाली, "मंग मजाक कसा होता?"

सून तिचा पदर ओढत होती, चला म्हणत होती. आईने त्यांना जेवायला थांबा म्हटलं. त्या थांबल्या नाहीत. जाताना म्हातारीने पुन्हा विचारलं, पेरावं की थांबावं. आईला ते माहीत नव्हतं. ज्या शास्त्रज्ञांना माहीत होतं त्यांचा निरोप लोकांपर्यंत नेणारा कार्यक्रम हिवाळ्यातच बंद पडला होता. आईने तसं सांगितलं. म्हातारीने मान हलवली, पण मला नाही वाटत तिला ते पटलं.

मग मेळावा झाला. हॉल भरला. वरून आलेले अधिकारी चांगल्या इस्त्रीचे, टिपण घेणारे. प्राध्यापक बोलले, ओट्यावर बोलले होते तेच, तितक्याच प्रामाणिकपणे. प्रमुख पाहुणे म्हणून भाऊ होते, आता निवडून आलेले भाऊ. ते उठले आणि गंभीर आवाजात म्हणाले, "मले दुःख होते सांगाले. माया मतदारसंघात गरीब लोकायनं ह्या रेडिओच्या आवाजावर इस्वास ठेवला अन् पेरनं बुडालं. असा रेडिओ ठेवून काय फायदा?"

बाबा उभे राहिले. "सीडी तुमची होती."

"व्यक्तिगत आरोप नकोत," अधिकारी म्हणाले. "आपण रेडिओबद्दल बोलू."

बाबा खाली बसेनात. दोघा-तिघांनी त्यांना धरून बसवलं. कोणीतरी मागून म्हणालं, "पत्रकवाल्याले पत्रक वाटू द्या न बाप्पा," आणि हॉल हसला.

अधिकाऱ्यांनी विचारलं, ज्यांचं नुकसान झालं त्यांपैकी कोणी आहे का. म्हातारी आली होती. मेळाव्यासाठी मी काढलेल्या पत्रकावरूनच आली होती. तिला माइक धरता येईना, सुनेने धरला. मला वाटलं, आता ती सांगेल की फसवलं ते प्रचाराने.

"रेडिओ कोनता अन् गाडी कोनती, मले नाई समजत साहेब," ती म्हणाली. "आवाज एकच होता. मी आता कोनाचंच आयकत नाई."

अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं.

आई शेवटच्या रांगेत बसली होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं, तिचं नाव वक्त्यांत नव्हतं. ती उठली, मधल्या वाटेने पुढे आली आणि सुनेच्या हातातून माइक घेतला. लोकांना वहिनी ऐकायची होती. ती वहिनीच्या आवाजात बोलली नाही. घरात हिशेबाचं बोलते त्या सपाट आवाजात बोलली.

"रेडिओनं खोटं सांगतलं नाई. रेडिओ तं बंदच होता. खोटं मी सांगतलं, प्रचारासाठी. शिक्षा मले द्या, थो अर्धा तास लोकायचा हाय. थो नोका काढू."

माइक तिने टेबलावर ठेवला, तो घरंगळला, कर्कश शिट्टी वाजली. माझ्या आईने माइकवर बोललेले ते शेवटचे शब्द.

अहवालाची भाषा पुढे आम्हाला कळली. कार्यक्रमातील कलाकाराने स्वतःच चूक मान्य केली, श्रोत्यांचा विश्वास उरलेला नाही, सबब स्थानिक प्रसारणावर खर्च करणं योग्य नाही. अर्धा तास गेला. आता त्या वेळेला दूरच्या राजधानीतून चर्चा येते. मी एकदा लावून पाहिली. सफरचंदाच्या बागेबद्दल होती.

भाऊंचं काही बिघडलं नाही. सीडी कोणाच्या पैशाने निघाली हे त्यांना कोणी विचारलं नाही, कारण विनोदाचा जाब कोणी मागत नाही. चाचा आम्हाला भेटायला आले होते. आईसमोर बसून रडले. म्हणाले, बटण माझ्या बोटाखाली होतं. आईने त्यांना चहा दिला आणि त्यांच्या अम्मीची चौकशी केली. बाबांनी सरकारी भोंगा हा शब्द त्या दिवसानंतर वापरला नाही.

मी ह्या गोष्टीचा कितीही विचार केला तरी प्राध्यापकांच्या प्रश्नाशी येऊन थांबते. सरकार पैसे देतं तेव्हा सरकारचं चुकलेलं सांगता येत नाही, हे खरं. पण सरकारने हात काढला तेव्हा काय झालं ते मी माझ्या घरात पाहिलं. वर्षानुवर्षं लोकांच्या पैशाने कमावलेला विश्वास बेवारस पडला, आणि पहिला जो आला त्याने तो उचलला. तो हसत आला, आंबे घेऊन आला. वाईट माणूसही नव्हता. त्याला एक निवडणूक जिंकायची होती आणि बाजारात सगळ्यांत खात्रीचा माल माझ्या आईचा आवाज होता. तिला जर वर्षभर काम असतं, पोटापुरतं आणि मानाचं, आणि ते काम मंत्र्याच्या मर्जीवर नसून कायद्याने आपल्या सगळ्यांचं असतं, तर ती राजापेठेचा जिना चढली असती का? मी तिला हे विचारलेलं नाही. उत्तर मला माहीत आहे.

आता तुमच्याकडे माझं मागणं आहे. तुमच्या गावात येत्या ग्रामसभेला जा. जाल तेव्हा एक ठराव मांडा: आमच्या भागाच्या रेडिओवर आमच्या बोलीतला शेतीचा अर्धा तास पुन्हा सुरू करा, त्याचा खर्च सरकारी तिजोरीतून करा, त्यात बोलणाऱ्यांना वर्षभराचं काम द्या आणि कोणत्याही पक्षाला त्यात हात घालू देऊ नका. सरपंच म्हणतील, हा आपला विषय नाही. तुम्ही बसू नका. ठराव लिहून होईपर्यंत, त्यावर सह्या होईपर्यंत आणि त्याची प्रत तुमच्या हातात पडेपर्यंत उभे राहा.